सत्तेचाळीसातली तीन

या, असे जवळ सरका. चूल धगधगते आहे, चहात दूध पडलंय, दाराची फट लोकरीच्या नमद्याने बुजवली आहे. एक गोष्ट सांगायची आहे. राजाराणीची नाही, साधुसंतांचीही नाही. वह्यांची आहे, आकड्यांची आहे, आणि भर मर्तिकात एका बाईने गायलेल्या आठ ओळींची आहे. विद्वानांच्या गोष्टी रुक्ष असतात म्हणतात. ही तशी वाटली तर खुशाल उठून जा, राग नाही. पण शेवटपर्यंत बसलात तर तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नारीन नदीच्या काठी, एका छोट्या शहरात, शिक्षक घडवणारी एक संस्था होती. तिथे तुर्सुनाय नावाची बाई शिकवायची. वय चौतीस, नवरा ट्रक घेऊन सीमेपार, घरात सासू आणि सात वर्षांची लेक. देवाने गळा गोड दिलेला. तिची आजी मर्तिकात विलाप गाणारी. ती गायला बसली की दगडालाही पाझर फुटायचा, अशी ख्याती. पण तुर्सुनायने गळा बाजूला ठेवला आणि विद्या धरली. विषय तौलनिक शिक्षणशास्त्र, म्हणजे इथली शाळा तिथल्या शाळेशेजारी ठेवून पाहायची. त्यातही तिचा प्रबंध एक पायरी वरचा: गेल्या तीस वर्षांत आपल्या मुलखात या शास्त्रात कशाकशावर लिहिलं गेलं, वारं कुठून कुठे फिरलं, आणि कुणाच्या लेखाचा दाखला जगात किती जणांनी दिला.

सासू चहा ओतता ओतता म्हणायची, "शाळेत तू शिकवत नाहीस. शाळेवर लिहीत नाहीस. शाळेवर लिहिणाऱ्यांना कोण विचारतं ते मोजतेस. अगं, हे म्हणजे पंगतीत बसून दुसऱ्यांच्या ढेकरा मोजणं झालं!"

"मोजल्याशिवाय कळणार कसं आई, कोण पोटभर जेवलं?"

"वाढलं कुणी ते मोज की कधी," सासू म्हणायची आणि हसायची.

तुर्सुनायने खोलीच्या भिंतीवर मोठा कागद लावला होता. त्यावर एकेका अभ्यासकाचं वर्तुळ. जितके दाखले, तितकं मोठं. आपला आणि शेजारचे मिळून पाच देशांची वर्तुळं खसखशीएवढी. मधोमध मात्र एक वर्तुळ भाकरीएवढं: मुकान सर. तिचे मार्गदर्शक, विभागाचे प्रमुख. त्यांचा एकच लेख, 'कुरणावरची फिरती शाळा', पण जगभरातल्या चारशे बारा लेखांनी त्याचा दाखला दिलेला. संस्थेत प्रबंध तपासणारं मंडळ होतं ते त्या एका लेखाच्या जोरावर. मंडळ गेलं तर विभाग गेला, नोकऱ्या गेल्या, अकरा जणांचे अर्धे लिहिलेले प्रबंध गेले.

सर माणूस मोठ्या मनाचा. तुर्सुनायच्या लेकीला न्यूमोनिया झाला तेव्हा घाटात बर्फ असताना स्वतः जीप हाकत तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले होते. वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "पोरांनो, आपल्यात ज्याला आपल्या सात पूर्वजांची नावं येत नाहीत त्याला काय म्हणतात? गुलाम. लेखाच्या शेवटची संदर्भसूची म्हणजे तेच. कुणाच्या खांद्यावर उभे आहात ते सांगा, मगच तोंड उघडा."

पोरं माना डोलवायची. तुर्सुनाय तर ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवणाऱ्यांतली.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला सरांच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली आणि ते अंथरुणाला खिळले. त्यांची बायको, सालिमाबाई, म्हणाली, "तुर्सुनाय, विभागातलं त्यांचं कपाट रिकामं करून आण गं. भलत्याच्या हाती नको." तुर्सुनायने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, जुन्या वर्तमानपत्रात बांधलेल्या, चौकटीच्या कागदाच्या एकोणीस शाळकरी वह्या होत्या. अक्षर सरांचं नव्हतं. गोल, ठसठशीत, एका मास्तरीणबाईचं. पहिल्या पानावर: कुलीपा एसेनोवा, फिरती शाळा, ताश-बुलाक कुरण.

आत पानोपान तक्ते. खाली गावात राहणारी मुलं आणि मेंढरांबरोबर वर जाणारी मुलं. कोण किती वाचतं, किती दिवस बुडवतं, परत किती येतात. सरांच्या लेखातले सगळे तक्ते. आकड्याला आकडा. लेखात मात्र छापलेलं होतं: 'माहिती लेखकाने प्रत्यक्ष गोळा केली.'

तुर्सुनाय तिथेच फरशीवर बसली. मन म्हणालं, असेल, सरांनी बाईला पाठवलं असेल, मदतनीस असेल. तिने लेखातला सगळ्यात गाजलेला तक्ता काढला. चारशे बारांतले निम्मे लोक त्याच तक्त्यापाशी थांबलेले. वसंतात पटावर सत्तेचाळीस मुलं, शरदात चव्वेचाळीस. कळप हलला आणि तीन मुलं गळाली. तिन्ही अनाथ, तिन्ही गरिबाघरची. सरांनी लिहिलं होतं की त्यांच्या नावांवरूनच ते कळतं. फिरती शाळा पोरं गमावते, असा निष्कर्ष. त्यावर देशोदेशीच्या पंडितांनी अश्रू ढाळले होते. इकडे सरकारी अहवालात तोच लेख पहिल्या क्रमांकावर धरून कुरणावरच्या फिरत्या शाळा एकजात बंद झाल्या, आणि सहा-सहा वर्षांची पोरं खालच्या निवासी शाळांत नेऊन टाकली गेली.

कुलीपाच्या वहीत तो पट होता. शेवटची तीन नावं: तेझेक, कुचुक, इताल्मास. शेण, कुत्र्याचं पिल्लू, आणि 'कुत्रंसुद्धा नेणार नाही'. यात नवल काही नाही. ज्या घरी मूल जगत नाही तिथे असलीच नावं ठेवतात, मृत्यूने ऐकून नाक मुरडावं म्हणून. दगडू, धोंडू, कचरू ठेवतात तसंच. पण पटात बापाच्या नावाचा रकाना असतो. चव्वेचाळीस ओळींत तो भरलेला, आणि या तीन ओळींत कोरा. तुर्सुनायचं बोट तिथे अडलं. ज्या मुलखात वेड्यालाही सात पिढ्या पाठ, तिथे तीन मुलांचा एकही बाप कुणाला ठाऊक नाही?

सप्टेंबरच्या एका सकाळी ती वह्या पिशवीत घालून ताश-बुलाकला गेली.

कुलीपा जिवंत होती. सत्तरीची, डोळ्यांत मोतीबिंदू, हात लाकडासारखे. शाळा बंद झाल्यावर तिने निवासी शाळेत अकरा वर्षं फरशा पुसल्या होत्या. फिरत्या शाळेच्या तंबूतल्या शेगडीचं धुराडं आता तिच्या गोठ्याला बसवलेलं होतं. तिने वह्या हातात घेतल्या, पानांवरून बोटं फिरवली, आणि तोंड वासून म्हणाली, "अगं बाई! मला वाटलं या चुलीत गेल्या."

"तुम्ही दिल्या होत्या सरांना, मावशी?"

"दिल्या म्हणजे काय, पोस्टाने शिकत होते ना मी त्यांच्याकडे. त्यावर पदवी मिळेल म्हटलं. त्यांनी उत्तर धाडलं, चांगलं आहे पण शास्त्रीय नाही. मी म्हटलं असेल बाबा, शास्त्र मोठं, आपण लहान." तिने चहाची वाटी पुढे सारली, तळलेल्या बोर्सोकांचं ताट सारलं. "खा. मनगट धरलं तर नुसती हाडं लागतायत तुझी. सासू वाढत नाही का?"

तुर्सुनायने तीन नावं वाचून दाखवली.

कुलीपा अशी हसली की डोळ्यांना रुमालाचा पदर लावावा लागला. "अगं, ती कोकरं! त्या साली एप्रिलात बर्फ पडलं. मेंढ्या मेल्या. पोरांनी तीन कोकरं उचलून वर्गात आणली, शेगडीपाशी ठेवली. रडायला लागली, मरतील म्हणून. मी म्हटलं, थांबा, ओंगळ नावं ठेवू, म्हणजे जगतील. पटावर चढवली तिघांना. रोज हजेरी घ्यायचे. 'तेझेक!' म्हटलं की बें करायचं. पोरं हसून लोळायची." तिने श्वास घेतला. "जगली हो तिन्ही. शरदात कळपात सोडली."

तुर्सुनायने चहाची वाटी खाली ठेवली. पण सांगणं भाग होतं. तिने सांगितलं: तीन अनाथ मुलं, गळती, चारशे बारा लेख, सरकारी अहवाल.

कुलीपाचं हसू ओसरलं. ती गोठ्याच्या धुराड्याकडे तोंड करून बसली. दिसत तर तिला काही नव्हतं.

"म्हणजे माझी शाळा," ती म्हणाली, "माझ्याच कोकरांनी बंद पाडली?"

कुलीपाने वह्या चाचपून तुर्सुनायकडे परत सारल्या.

"तुझ्या सरांना म्हणावं, नाव तुमचंच राहू दे. मला ते नको. मी आता नाव घेऊन कुठे मिरवू? पण एक लिहा. माझं एकही मूल शाळा सोडून गेलं नव्हतं. चव्वेचाळीस वर गेली, चव्वेचाळीस खाली आली. एवढं एक वाक्य. ते छापून आण आणि मला वाचून दाखव. आणशील?"

"आणते, मावशी. पहिला बर्फ पडायच्या आत आणते."

दोघींनी तळवे उघडले, कुलीपाने दुआ दिली, आणि तुर्सुनाय खाली उतरली.

सर उशाला तीन उशा लावून बसले होते. तिने वह्या पलंगावर ठेवल्या. त्यांनी त्या पाहिल्या आणि डोळे मिटले.

"सर, ती मुलं नव्हती."

"माहीत आहे."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"सहा वर्षांमागे कळलं मला," सर म्हणाले. दर दोन शब्दांना श्वास लागत होता. "ताश-बुलाकचा एक पोरगा शिकायला आला होता. हसत हसत सांगितलं त्याने, आमच्या वर्गात कोकरं होती म्हणून. तोवर अडीचशे लोकांनी दाखला दिला होता, तुर्सुनाय. शाळा तर कधीच्या बंद झाल्या होत्या. अडीचशे माणसांना एका दिवसात खोटं पाडायचं? आणि या मंडळाला? तुम्हा पोरांना?"

"तुम्हीच म्हणायचात, सात नावं—"

"म्हणायचो." त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. "हे बघ. मार्चमध्ये तू मंडळासमोर उभी राहा. पदवी हातात पडू दे. लगेच दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहितो. माझ्या हाताने, माझ्या सहीने. तोवर थांब. एवढं माझ्यासाठी कर."

हाच हात त्या बर्फात जीपच्या स्टिअरिंगवर होता. तुर्सुनायने वह्या परत पिशवीत घातल्या आणि थांबली.

थांबणं सोपं असतं. पाप करताना माणसाचा हात थरथरतो, थांबताना काही होत नाही. ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला. तुर्सुनायने खिडकीतून पाहिला आणि पडदा ओढला. रिकाम्या हाताने वर जायची लाज वाटली. म्हणाली, मार्च काय, आलाच.

फेब्रुवारीत सर गेले.

अंगणात युर्त, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उभारली. आत प्रेत, बायका भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून हुंदके देत येणाऱ्यांना सामोरे जात होते. राजधानीहून पाहुणे आले होते, संस्थेचे वरिष्ठ आले होते. सालिमाबाईचा आवाज पार बसला होता. तिने तुर्सुनायचा हात धरला. "मला मुलगी नाही गं. तुझी आजी गाणारी होती. तू गा त्यांच्यासाठी. त्यांच्या त्या लेखाचं गा, जगभर गेला त्याचं. मोठी माणसं बाहेर उभी आहेत, ऐकू दे त्यांना."

तुर्सुनाय सकाळपासून गायली. सरांच्या जीपचं गायली, त्यांच्या वर्गाचं गायली, बर्फातल्या त्या रात्रीचं गायली, आणि त्यातला एकेक शब्द खरा होता. बायका रडल्या, बाहेरचे पुरुष रडले. लेखाचं तेवढं तिने गायलं नाही. सालिमाबाई कोपराने ढोसत होती.

मग प्रेत बाहेर नेलं. प्रार्थनेआधी रीत असते. मृताच्या माणसाने उभं राहून विचारायचं. सरांचा धाकटा भाऊ, तोकोन, घोडे राखणारा अडाणी माणूस, पुढे आला. युर्तच्या नमद्यातून त्याचा आवाज आत आला:

"लोकहो, माझा भाऊ कसा माणूस होता?"

"चांगला होता!" सगळे म्हणाले.

"कुणाचं काही देणं राहिलं असेल, वस्तूचं असो, शब्दाचं असो, तर आत्ता बोला. माती पडल्यावर नको. देणं माझ्यावर आलं."

बाहेर शांतता. आत बायका श्वास धरून बसलेल्या. त्या वेळी त्यांनी आवाज करायचा नसतो. घोडा फुरफुरला तेवढाच.

तुर्सुनायला वाटलं, त्या शांततेत आता कुणीतरी बोलेल. पण कुणाला काही ठाऊकच नव्हतं. तिथे ठाऊक असलेले दोघेच. एक बाहेर पांढऱ्या कापडात आणि एक ती. देव सगळं जाणतो खरा, पण साक्ष माणसालाच द्यावी लागते. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि आजीच्या चालीत आवाज लावला:

*नाव तुमचं देशोदेशी, सर, वाऱ्यावरी गेलं,*
*कुलीपाच्या वह्यांमधलं धन त्याला आलं.*
*तीन कोकरं आईवेगळी शेगडीशी निजली,*
*शहाण्यांच्या कागदावर मुलं म्हणून मोजली.*
*चव्वेचाळीस वर गेली, चव्वेचाळीस खाली,*
*एकही नाही गळलं, सर, खोटी साक्ष झाली.*
*देणं त्याचं, सर, तुमच्या माथ्यावरी आहे,*
*ताश-बुलाकच्या दारी बाई वाट त्याची पाहे.*

आधी कुणाला उमगलं नाही. मग सालिमाबाईला उमगलं. तिने तुर्सुनायच्या डोईचा रुमाल ओढून काढला आणि नसलेल्या आवाजात ओरडली, "साप! माझ्या घरात साप पाळला!" बायकांनी तुर्सुनायला दंडांना धरून बाहेर काढलं. बर्फात ती उघड्या डोक्याने उभी राहिली. राजधानीचे पाहुणे दुसरीकडे पाहत होते.

तोकोन मात्र तिच्याकडे पाहत होता. त्याचा चेहरा काळवंडला होता, पण त्याने छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलं. देणं माझ्यावर."

सातव्या दिवशी तो तिच्या दारात आला. हातात एका तांबड्या घोड्याचा लगाम.

"ताई, मला वाचता येतं ते जेमतेमच. भावाने काय घेतलं ते मला नीट कळलेलं नाही. पण कबूल केलंय. कसं फेडू? हा घोडा चालेल का त्या बाईला?"

सासू दारात येऊन म्हणाली, "जा गं याच्याबरोबर. अख्ख्या गावात हा एकटाच शिकलेला निघाला."

दोघं वर गेली. कुलीपाच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता. शेजारचा एक माणूस फावड्याने बर्फ ओढत होता, चाळिशीकडे झुकलेला. तो त्या चव्वेचाळिसांतलाच होता.

"डिसेंबरात गेल्या बाई," तो म्हणाला. "बर्फ पडेपर्यंत रोज या ओट्यावर बसायच्या, रस्त्याकडे तोंड करून. दिसत तर काही नव्हतं. आम्ही म्हणायचो, आत चला, गारठून जाल. तर म्हणायच्या, एक मुलगी छापील कागद वाचून दाखवायला येणार आहे." त्याने तुर्सुनायकडे पाहिलं. "तुम्हीच का?"

तुर्सुनायने मान हलवली. तिच्या हातात कागद नव्हता.

त्या माणसाने दाखवलेल्या कबरीच्या ढिगापाशी तोकोन गेला. तळवे उघडले. "मुकानच्या वतीने आलोय, मावशी. उशीर झाला," एवढंच म्हणाला, आणि घोड्याचा लगाम त्या माणसाच्या हातात दिला. माणूस घेईना. तोकोन म्हणाला, "घे बाबा. मी परत नेऊ कुठे हा?"

उतरल्यावर तुर्सुनायने पटाची नक्कल जोडून पत्र लिहिलं, ज्या नियतकालिकाने लेख छापला होता त्यांना. खाली तोकोनने जिवाच्या करारावर सही केली. दोन महिन्यांनी चार ओळींचं उत्तर आलं: लेखात दुरुस्ती करण्याचा अधिकार लेखकाचा असतो, वारसाचा नाही; लेखक हयात नसल्यास विषय बंद समजावा; जनावरांची हजेरी असलेला पट पुरावा म्हणून पडताळता येत नाही. प्रबंध मंडळाने तुर्सुनायचा प्रबंध परत केला. कुणी रागावलं नाही, आवाज चढवला नाही. म्हणाले, प्रमुख लेखाबद्दलचं तुमचं प्रकरण एका मर्तिकाच्या गाण्यावर उभं आहे, आणि विलापाला संदर्भ धरता येत नाही. मंडळ वाचलं. विभाग वाचला. उरलेले दहा प्रबंध पार पडले; दहाही जणांनी मुकान सरांचा दाखला दिला.

तुर्सुनाय आता खालच्या निवासी शाळेत पहिलीला शिकवते. सोमवारी घरून आलेली पोरं बाकावर डोकं टेकून बसतात, त्यांना ती गाणी म्हणून दाखवते. भिंतीवरचा तो कागद तिने घडी करून ठेवला आहे. अधूनमधून संगणकावर पाहते: चारशे एकोणचाळीस झाले. तीन अनाथ मुलं अजून जगभर रडवत हिंडताहेत. जी होती ती चव्वेचाळीस कुठल्याच कागदावर नाहीत.

गोष्ट एवढीच. आता माझं मागणं. छापील कागद तिच्यापर्यंत पोचला नाही, आणि आता पोचणारही नाही. पण तुम्ही ऐकलंत. तेव्हा नमाजानंतर तळवे उघडाल, दिव्यापुढे हात जोडाल, जिथे तुमचा देव असेल तिथे, एक नाव मनात आणा: कुलीपा एसेनोवा, ताश-बुलाकच्या मास्तरीणबाई. आणि नावामागे ते एक वाक्य म्हणा, जे ती ओट्यावर बसून ऐकायची वाट पाहत होती: त्यांचं एकही मूल शाळा सोडून गेलं नव्हतं.